एअरलूम टोमॅटो पहिल्यांदा खाल्ले, आता पुढे कुठले खाऊ?

शेवंती

नमस्कार मंडळी, टोमॅटोवर धागा काढेन असं कधी वाटलं नव्हतं, पण राहवत नाहीये. बागेचं वेड असलेल्या एका मैत्रिणीने तिच्या झाडांचे टोमॅटो दिले, ते एअरलूम म्हणतात ना, पिढ्यानपिढ्या बी राखून लावत आलेले जुने वाण, तसले. त्यात एक काळपट जांभळा होता, देठाच्या बाजूने हिरवाच, मला वाटलं अजून पिकायचाय तर ती म्हणाली नाही गं, हा असाच असतो, आजच खा. एक पिवळा, त्याच्या बुडाकडून वर लाल फराटे गेलेले. आणि एक गुलाबी, हातात मावणार नाही एवढा, देठाभोवती चुण्याच चुण्या.

काळा कापला तर आत विटकरी लाल आणि बियांच्या कप्प्यांत हिरवट गर, फोड उचलेपर्यंत ताटलीत रस साचला. नुसतं मीठ लावून खाल्ला. आधी गोड, मग आंबट आणि मग एक भरीव, जराशी धुरकट चव बराच वेळ तोंडात राहिली. पिवळा एकदम वेगळा, जवळजवळ फळ म्हणून खावा असा, आंबटपणा नावाला. गुलाबी दोन्हीच्या मधला पण मला तोच सगळ्यात आवडला.

आता प्रश्न. हा फरक खरंच वाणाचा आहे का झाडावरून ताजा तोडलेला म्हणून असं लागतं? रंगावरून चव ओळखता येते का? पहिल्यांदा लावायचे/खायचे तर कुठले? आणि हे ठेवायचे कसे, फ्रिजमध्ये का बाहेर? ज्यांनी भरपूर प्रकार खाल्लेत त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, घाई नाहीये.

मातीवेडा

शेवंतीताई, मस्त धागा! वाणाचा का ताजेपणाचा याचं उत्तर दोन्हीचा असं आहे, पण ते कुणीतरी शास्त्रवालं नीट सांगेल, मी वाणांबद्दल लिहितो कारण माझा जीव तिथे अडकलाय.

एअरलूमची अशी सरकारी व्याख्या काही नाही, कुणी म्हणतं ५० वर्षं जुना पाहिजे, कुणी म्हणतं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा पाहिजे, पण एक गोष्ट सगळ्यांना मान्य आहे की तो वाण सरळ असला पाहिजे, म्हणजे त्याचं बी लावलं की परत तसंच झाड, तसंच फळ. एफ-वन हायब्रीडच्या, म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर करून केलेल्या पहिल्या पिढीच्या, बियांना ही खात्री नसते, पुढच्या पिढीत आजीचं नाक एकाला आणि आजोबांचे कान दुसऱ्याला असं होतं. म्हणून एअरलूम म्हणजे कुणीतरी दरवर्षी बी बाजूला काढून ठेवलेलं असतं म्हणूनच आपल्यापर्यंत आलेलं फळ, आणि त्या माणसांच्या गोष्टी वाचल्या की टोमॅटोकडे बघायची नजरच बदलते.

चेरोकी पर्पल घ्या. अमेरिकेत क्रेग लहुलियर म्हणून टोमॅटोचे मोठे जाणकार आहेत, त्यांना १९९० साली टेनेसीतल्या जे. डी. ग्रीन नावाच्या गृहस्थांनी पाकिटातून बी पाठवलं, सोबत चिठ्ठी की हा जांभळा टोमॅटो चेरोकी (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) लोकांकडून आलाय असं इथे सांगतात. वाणाला नावच नव्हतं, ते लहुलियर यांनी ठेवलं आणि बी कंपन्यांकडे पाठवलं, आज जगभरचे बागवाले तो लावतात. विचार करा, एक पाकीट!

मॉर्गेज लिफ्टरची गोष्ट तर मला कितीही वेळा सांगायला आवडते. वेस्ट व्हर्जिनियात एम. सी. बाइल्स म्हणून होते, गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचे, वनस्पतिशास्त्र वगैरे शिकलेले नाहीत. त्यांनी एक मोठ्या फळाचं झाड मधे लावलं, भोवती दुसऱ्या वाणांची दहा झाडं गोलात लावली आणि त्यांचे पराग आणून मधल्या झाडाच्या फुलांना द्यायचे, मग सगळ्यात चांगल्या फळाचं बी निवडायचं, असं वर्षानुवर्षं करून वाण पक्का केला. १९४० च्या दशकात एकेक रोप एक डॉलरला विकलं आणि सहा वर्षांत घरावरचं ६,००० डॉलरचं कर्ज फेडलं, म्हणून नाव मॉर्गेज लिफ्टर. फळ मोठं, गुलाबी, मांसल, बिया कमी.

तुमचा पिवळा-लाल बहुतेक पाइनॅपल किंवा हिलबिली किंवा बिग रेनबो यांच्यापैकी असणार, हे आडवे कापून बघा, पिवळ्या गरात मधून लाल रेषा फुटलेल्या दिसतात. काळा चेरोकी पर्पल नाहीतर ब्लॅक क्रिम असेल, क्रिम म्हणजे क्रायमिया, वाण तिकडचाच. आणि गुलाबी चुण्यांचा ब्रँडीवाइन असावा असं वाटतं. ब्रँडीवाइन उशिरा येतो, फळं मोजकीच देतो, तरी लोक जागा अडवून लावतात, त्यातच त्याची चव कळली.

पहिल्यांदा लावायचा तर माझं मत चेरोकी पर्पल, मोठ्या फळांच्या जुन्या वाणांमध्ये त्यातल्या त्यात समजूतदार. आणि घट्ट रस्सा, सॉस करायचा तर हे रसाळ वाण घेऊच नका, पाणी आटवता आटवता दमाल. त्याला सॅन मार्झानो किंवा अमिश पेस्ट पाहिजे, लांबट, कमी बियांचा, घट्ट गराचा. सॅन मार्झानो इटलीत नेपल्सच्या बाजूचा, वेसुव्हियसच्या पायथ्याच्या मातीतला, कच्चा खाल्ला तर साधा वाटतो आणि शिजवला की खुलतो.

पेशीपुराण

मातीवेडा +१, गोष्टी भारी सांगितल्यात. मी शास्त्राचं लिहिते.

शेवंती, तुला जो काळा टोमॅटो देठाशी हिरवा दिसला ना, त्या हिरव्या खांद्यातच अर्धं उत्तर आहे. कच्च्या टोमॅटोत हरितद्रव्य असतं आणि त्यामुळे फळ स्वतः पण थोडी साखर बनवतं, पानांकडून येते ती वेगळी. गेल्या शतकात पैदासकारांना असे टोमॅटो सापडले जे कच्चे असताना सगळीकडून एकसारखे फिकट हिरवे असतात आणि पिकतात पण एकसारखे लाल, डाग नाही, खांदा हिरवा नाही. तोडणीची वेळ ठरवायला सोपं, दिसायला सुंदर, म्हणून हा गुण जवळजवळ सगळ्या बाजारी वाणांत घातला गेला. २०१२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये पेपर आला त्यात कळलं की हा गुण म्हणजे एक बिघडलेला जीन आहे, जीएलके-टू नावाचा, तो नीट चालू असेल तर फळात हरितकण जास्त आणि चांगले तयार होतात आणि पिकल्यावर साखर जास्त मिळते. म्हणजे एकसारखा लाल रंग मिळवताना थोडी गोडी हातची गेली, आणि जुन्या वाणांत तो जीन शाबूत राहिला म्हणून खांदे हिरवे.

पण साखर हा चवीचा एकच भाग आहे. टोमॅटो ओळखू येतो तो वासामुळे, नाक दाबून फोड खाऊन बघ, फक्त गोड-आंबट लागेल आणि नाक सोडलं की टोमॅटो परत येतो. हे वास उडून जाणाऱ्या संयुगांचे असतात, अगदी सूक्ष्म प्रमाणात. २०१७ मध्ये सायन्समध्येच आणखी एक मोठा अभ्यास आला, आधुनिक, जुने आणि जंगली मिळून ३९८ प्रकारांचे जीनोम वाचले, लोकांना चाखायला देऊन आवडनिवड नोंदवली, आणि आधुनिक वाणांत चवीशी संबंधित १३ वाससंयुगं लक्षणीय कमी झालेली आढळली. कुणी मुद्दाम काढली नाहीत. उत्पन्न, टणकपणा, रोगप्रतिकार, आकार यांच्यासाठी निवड होत गेली, चव कुणी मोजतच नव्हतं, मग ती पिढी दर पिढी गळत गेली. त्यात झाडाने एका वेळी भरपूर मोठी फळं धरली की पानांनी बनवलेली साखर तेवढ्यांत वाटली जाते, म्हणून जास्त उत्पन्न आणि जास्त गोडी एकत्र आणणं मुळातच अवघड. ब्रँडीवाइन मोजकीच फळं देतो असं वर लिहिलंय ते या चष्म्यातून बघ.

आणि ती भरीव चव, जी तुला मागे राहिली म्हणालीस, ती उमामी, ग्लुटामेटमुळे, म्हणजे ग्लुटामिक आम्लामुळे येते. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या २००७ च्या अभ्यासात बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात बाहेरच्या मांसल भागाच्या तिपटीहून जास्त ग्लुटामिक आम्ल सापडलं होतं. त्यामुळे कृपा करून कुणी बिया आणि गर काढून टाकत जाऊ नका, चवीचा मोठा साठा तिथेच आहे!

रंगाचं थोडक्यात. गुलाबी आणि लाल टोमॅटोचा आतला गर सारखाच लाल असतो, फरक सालीत. लालची साल पिवळसर, गुलाबीची पारदर्शक. साल सोलून उजेडात धरली की लगेच कळतं. काळ्या-जांभळ्या वाणांमध्ये पिकतानाही हरितद्रव्य पूर्ण मोडत नाही, ते लाल रंगावर बसतं आणि तो चॉकलेटी जांभळा रंग दिसतो. पिवळ्यांत लाल रंगद्रव्य तयारच होत नाही. आणि पिवळा म्हणजे कमी आंबट हे सरसकट खरं नाही हं, कित्येक पिवळ्यांत आम्ल लालइतकंच असतं, साखर जास्त म्हणून ते जाणवत नाही. रंगावरून अंदाज बांधता येतो पण खात्री चाखूनच.

जिभेचे_लाड

वरचे प्रतिसाद वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. मी फक्त खाण्याचं लिहितो, तो माझा प्रांत.

पिकला कधी हे ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः जे पिकल्यावर पण हिरवे राहतात त्यांचं. आंट रुबीज जर्मन ग्रीन म्हणून एक वाण आहे, पिकलेला पण हिरवाच, मग बघायचं कुठे? बुडाशी. तिथे जरा सोनेरी-गुलाबी झाक येते आणि बोटाने हलकं दाबलं की किंचित दबतो. हा प्रकार मिळाला तर सोडू नका, आंबटगोड आणि थोडा मसालेदार, डोळे मिटून खाल्ला तर कुणी हिरवा म्हणणार नाही. काळ्या वाणांचे खांदे लाल व्हायची वाट बघू नका, ते होतच नाहीत आणि तोवर खालचा भाग पिळपिळीत होतो. शेवंतीताई तुमच्या मैत्रिणीने आजच खा सांगितलं ते अगदी बरोबर.

फ्रिजचं म्हणाल तर पिकायच्या आत अजिबात नको. फ्लोरिडा विद्यापीठाच्या मंडळींनी २०१६ मध्ये दाखवून दिलंय, पिकलेले टोमॅटो ५ अंशाला आठवडाभर ठेवले आणि मग बाहेर काढून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणले तरी वास परत आला नाही, वास बनवणारे जीन थंडीने गप्प होतात. साखर आणि आम्ल होतं तेवढंच राहिलं, पण टोमॅटोपण गेलं. आपल्याला सगळ्यांना तो फिका, ओल्या पुठ्ठ्यासारखा टोमॅटो माहीत आहेच. तेव्हा बाहेर, सावलीत, देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता ठेवा, या वाणांची साल नाजूक असते, स्वतःच्या वजनाने चेपतात. अगदीच जास्त पिकत चालले असतील तर एखाद दिवस फ्रिज चालेल, खायच्या आधी तासभर बाहेर काढून.

कापताना दातेरी सुरी, मोठे असतील तर आडवे जाड काप, कारण आडव्या कापात प्रत्येक फोडीत गर आणि मांसल भाग दोन्ही येतात. मीठ लावून पाच मिनिटं थांबा, पाणी सुटतं आणि त्या पाण्यातच खरी मजा असते, ते ओतून टाकू नका, ताटली उचलून प्या! तेल घालायचं तर दोन थेंब, मिरपूड चिमूटभर. पहिल्यांदा खाताना याच्यापुढे काही घालू नका. दोन-तीन रंगांच्या फोडी शेजारी ठेवून खाल्ल्या तर फरक जास्त कळतो, गोडसर पिवळा आधी, काळा सगळ्यात शेवटी, नाहीतर काळ्यानंतर बाकीचे फिके वाटतात.

उन्मेष_र

चर्चा छान चालू आहे पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो.

एअरलूम नाव लावलं म्हणजे चांगलाच असं नसतं. बेचव जुने वाणही खूप आहेत, कुणी जपले कारण लवकर यायचे किंवा थंडीत टिकायचे किंवा नुसते दिसायला वेगळे होते. काही वाण सुंदर पट्टेदार पण आत पिठूळ. आणि ग्रीन झेब्रा, जो प्रत्येक एअरलूमच्या यादीत असतो, तो टॉम वॅगनर यांनी स्वतः पैदास करून १९८३ मध्ये आणलेला वाण आहे, सरळ वाण आहे पण जुना नाही. तरी चवीला फर्स्ट क्लास! म्हणजे जुनेपणा हा निकष धरून बसू नये, चव आणि सरळ बी हे बघावं. उलट काही हायब्रीड चेरी टोमॅटो इतके गोड असतात की कुठल्याही पंगतीत बसतील.

आणि लावणाऱ्यांसाठी, हायब्रीडमध्ये मर रोग, सूत्रकृमी, काही विषाणू यांना प्रतिकार मुद्दाम घातलेला असतो, बहुतेक जुन्या वाणांत तो नसतो. त्यामुळे एकाच जागी दरवर्षी टोमॅटो लावू नये, खालची पानं मातीला टेकू देऊ नयेत, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्यावं. मोठ्या फळांना पाणी अनियमित झालं की दोन गोष्टी होतात, कोरड पडली की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं, आणि कोरडीनंतर एकदम भरपूर पाणी झालं की फळ तडकतं. आच्छादन घाला, बरंच निभावतं. बहुतेक वाण वेलासारखे वाढत राहतात, माणसाच्या उंचीचा भक्कम आधार पहिल्याच दिवशी ठोकून ठेवा.

उष्णतेचं पण बघा. दिवसा ३५ च्या आसपास आणि रात्रीही २४ च्या खाली उतरत नसेल तर पराग निकामी होतात, फुलं गळतात आणि मोठ्या फळांच्या वाणांना हे सगळ्यात जास्त भोवतं. तुमच्याकडे ऊन कडक असेल तर हंगाम गार दिवसांत बसवा किंवा छोट्या फळांचे जुने वाण घ्या, यलो पेअर किंवा ब्लॅक चेरी वगैरे, ते उन्हात जास्त तग धरतात. फळ रंग धरायला लागलं की तोडून आत आणून पिकवलं तरी चालतं, त्या टप्प्यानंतर चवीत फार फरक पडत नाही आणि तडकणं, पक्षी, किडे यातून फळ वाचतं. झाडावरच पूर्ण पिकलं पाहिजे हा हट्ट मोठ्या फळांच्या बाबतीत तरी सोडावा असं माझं स्पष्ट मत.

शेवंती

बाप रे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद! नाक दाबून खाण्याचा प्रयोग लगेच केला, पेशीपुराण, खरंच जादू आहे ती. साल पण सोलून बघितली, गुलाबीची अगदी काचेसारखी निघाली. पिवळ्याच्या मधे मातीवेडांनी सांगितल्या तशा लाल रेषा आहेत, आणि ताटलीतलं पाणी पण प्यायले :)

आता एकच राहिलं. गुलाबी टोमॅटोचा एक तुकडा बियांसकट ठेवलाय, त्याचं बी धरता येईल का? मैत्रिणीकडे सगळे वाण शेजारी शेजारी लावलेत, मग मिसळलं असेल ना?

रुजवण

शेवंती, नक्की धर. मी बरीच वर्षं बी राखतेय, कृती अगदी सोपी आहे.

बिया गरासकट एका काचेच्या वाटीत काढ, थोडं पाणी घाल, वर पातळ कापड बांध आणि सावलीत ठेव. दोनतीन दिवसांत आंबूस वास येईल आणि वर पांढरी साय धरेल, घाबरायचं नाही, तेच पाहिजे असतं. बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो तो बी रुजू देत नाही, म्हणून तर ओल्या फळाच्या आत बिया सहसा कोंब धरत नाहीत. आंबल्यावर तो थर सुटतो आणि बियांवरचे काही रोगजंतू पण कमी होतात. साय आली की जास्त थांबू नकोस, नाहीतर बिया तिथेच रुजायला लागतात. वाटीत पाणी ओतून ढवळ, पोकळ बिया आणि चोथा वर येतो, भरलेल्या बिया तळाला बसतात, वरचं ओतून दे, असं पाणी स्वच्छ होईपर्यंत कर. मग चिनीमातीच्या बशीत पसरून वाळव, कागदावर नको, चिकटून बसतात. उन्हात नको, ओव्हनमध्ये तर मुळीच नको. दिवसातून एकदा बोटाने हलवून सुट्या करायच्या. खडखडीत वाळल्या की कागदी पाकिटात भरून वाणाचं नाव आणि वर्ष लिहून कोरड्या गार जागी ठेव, पाच-सहा वर्षं सहज उगवतात. नाव आत्ताच लिही, सगळ्या बिया सारख्याच दिसतात.

मिसळण्याचं म्हणशील तर टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, त्यामुळे शेजारी लावले तरी बहुतेक बी शुद्धच निघतं. पण मोठ्या फळांच्या काही जुन्या वाणांत स्त्रीकेसराचं टोक फुलाच्या नळीतून बाहेर डोकावतं आणि मधमाशी तिथे दुसऱ्याचे पराग सोडून जाते, ब्रँडीवाइनसारख्यांत हे जास्त. पुढच्या वेळी मैत्रिणीला सांग, बी धरायच्या घोसावर फुलं उमलायच्या आधीच जाळीची पिशवी बांधायची आणि फळ धरलं की काढायची, कुठलं फळ ते कळायला देठाला दोरा बांधायचा.

आणि ब्रँडीवाइनच असेल तर तुला एक सोय आयतीच आहे. त्याचं पान टोमॅटोसारखं दातेरी नसतं, बटाट्याच्या पानासारखं रुंद आणि कडा सलग असतं, आणि हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसतो. त्यामुळे रोपं चार-पाच पानांवर आली की बघायचं, ज्याची पानं नेहमीसारखी दातेरी निघाली त्याच्यात दुसऱ्या वाणाचे पराग आलेले. आधी मैत्रिणीला तिच्या झाडाचं पान बघायला सांग, ते दातेरी असेल तर वाणच वेगळा आणि मग ही परीक्षा लागू नाही. दातेरी रोप निघालंच तर उपटू नकोस, जागा असेल तर वेगळं लाव आणि फळ खाऊन बघ, फक्त पाकिटावर ब्रँडीवाइन लिहू नकोस.